उतारावरची वाकडी पहार

ऐका, मी पहार बोलतेय. उभी केलीत तर तुमच्या खांद्याला लागेन. एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. मध्ये मात्र मी वाकलेली आहे. कशी वाकले, तेच सांगायचंय.

लोहाराने मला जुन्या गाडीच्या आसातून घडवलं. घण खाल्ले, लाल झाले, पाण्यात चर्रकन विझले. मग बरेच दिवस दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात उभी होते. लोक मला उचलून बघायचे, "जड आहे बुवा" म्हणायचे आणि फावडं घेऊन जायचे. एकदा दोघी जावा आल्या. थोरलीने मला तोललं आणि म्हणाली, "हिच्यात दम आहे." धाकटी पाठ फिरवून दारातच उभी होती.

त्यांचे नवरे सख्खे भाऊ, बोटीवर कामाला. भाड्याच्या दोन खोल्यांत दोन संसार. नळ एक, ओटा एक. खटके उडता उडता जावांचं बोलणंच बंद झालं. भावांनी डोंगरउतारावर जमिनीचा तुकडा घेतला आणि ते पुन्हा बोटीवर गेले. जमीन घरालायक करायचं काम या दोघींच्या गळ्यात पडलं. पहार एकच, मी.

त्या हवेशी बोलायच्या. "कोणाला पहार लागणार असेल तर झुडपापाशी ठेवलीय," धाकटी आभाळाला सांगायची. "मिळाली," थोरली जमिनीला सांगायची. मला भारी मजा वाटायची.

काम मात्र चोख. आधी झुडपं मुळासकट उपटली. वरच्या अंगाला आडवा चर खणला, म्हणजे डोंगरावरचं पाणी घरात न शिरता बाजूने जाईल. निघालेले दगड रचून बांध घातले, बांधांमागे माती भरली. घसरगुंडीसारख्या उताराला पायऱ्या आल्या. मी मातीत गेले की 'थप्प' वाजायचं, खडकाला लागले की 'खण्ण'. जिथे खण्ण, तिथे पाया.

सपाट झालेल्या जागेच्या मधोमध एक धोंडा उरला, म्हशीएवढा. ढकलून द्यावा तर खाली दूधवाल्याचा गोठा. मग हवेतूनच ठरलं, की त्याच्या पायथ्याशी खड्डा खणायचा आणि धोंडा तिथेच गाडायचा.

थोरली खड्ड्यात उतरून माती काढत होती. आदल्या दिवशी पाऊस शिंपडून गेला होता. एकाएकी धोंड्याखालची माती सरकली आणि तो पुढे कलला. धाकटीने मला उचललं, एक टोक खडकाच्या भेगेत रोवलं, दुसरं धोंड्याच्या पोटाला लावलं आणि खांदा देऊन उभी राहिली.

"ताई, बाहेर या."

कित्येक महिन्यांनी ती थेट बोलली होती.

"पाय अडकलाय माझा. तू हो बाजूला."

"तुम्ही वर आल्याशिवाय मी हलणार नाही. ओढा पाय."

"अगं, चिरडशील."

"मग लवकर या ना."

मी वाकत होते. धोंड्याचं सगळं ओझं माझ्या कमरेत उतरलं होतं. वाकेन, पण मोडणार नाही, एवढी माझी मला खात्री होती. थोरलीने चप्पल चिखलातच सोडली, पाय उपसला आणि काठावर येऊन पडली. धाकटी मला सोडून मागे सरली. धोंडा धप्पकन खड्ड्यात बसला आणि मी टणटणत बाजूला उडाले.

दोघी मातीतच बसून राहिल्या. मग थोरली म्हणाली, "खांदा दाखव बघू." तो सोलवटला होता. तिने आपल्या बाहीने माती पुसली. "ओटा तुझ्या मनासारखा करू."

"ओटे दोन करू, ताई," धाकटी म्हणाली. "भिंत एकच ठेवू. आणि तिला एक दार."

तशीच घरं झाली. मधली भिंत त्या धोंड्यावरच उभी आहे. इतका पक्का पाया विकत मिळाला नसता.

भाऊ आले तेव्हा थोरला मला सरळ करून आणायला लोहाराकडे न्यायला निघाला. धाकटीने नेऊ दिलं नाही. मग मला शोभेला भिंतीवर टांगायचं घाटू लागलं. माझ्या जिवावर आलं. सुदैवाने त्याच आठवड्यात वरच्या उतारावर जमीन घेतलेला सुतार बायकोला घेऊन पहार मागायला आला.

"वाकडी आहे हो ही," तो म्हणाला.

"वाकडी आहे," थोरली म्हणाली, "पण धरून ठेवते."

आता मी वर आहे. सुताराचा चर अर्धा झालाय, पुढे खडक लागलाय. मला कोपरा नको, खिळा नको. दोन हात द्या. दगडाचं मी बघते.