कथलाचा केस

कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी मी वाजले. आणि माझी मीच दचकले.

मी बेल बोलतेय, कोळवणच्या एका घरातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. माझं बटण आतल्या खोलीत, रत्नाबाईंच्या उशाशी. खाचराच्या बांधावरून घसरून त्यांचा पाय मोडला, तेव्हा त्यांच्या मुलानं, कैलासनं, मला पौडच्या दुकानातून आणलं. तिथं मी कित्येक वर्षं धूळ खात पडले होते. आता रत्नाबाईंनी दाबायचं, मी वाजायचं आणि त्यांच्या सुनेनं, शुभांगीनं, धावायचं. सुट्टीला येणाऱ्या पुणेकरांना हे लोक खोल्या देतात, जेवू घालतात. तिला उसंत कुठली?

त्या दिवशी ती पिठाच्या हातांनीच गेली. "आत्या, बोलावलं व्हय?"

"म्या न्हाई दाबलं, बाई."

असं वरचेवर होऊ लागलं. खोट माझ्यात होती. भांड्याला कल्हई करतात ना, तसा माझ्या आतल्या सुट्या भागांच्या तारेसारख्या बारीक पायांना कारखान्यात कथलाचा मुलामा दिलेला. दुकानात पडल्या पडल्या त्या कथलाला केस फुटला, नजरेला दिसणारही नाही असा. तो शेजारच्या पायाला टेकला की वीज भलत्याच वाटेनं जाई आणि मी अखंड ओरडत सुटे. सांगणार कशी? मला वाजण्याखेरीज काही येत नाही.

कैलासनं एक चापट ठेवून दिली. केस हलला, मी गप्प. "हिला मारच लागतुया," तो हसला. मग घरात रीतच पडली: वाजली की चापट, गप्प झाली की खोटी.

पण बटण सोडलं की खरी हाकसुद्धा थांबतेच की.

"बेलीला बी तुमच्यावानी सारखं हाका मारायची सवय लागली, आत्या," शुभांगी एकदा वैतागून म्हणाली. रत्नाबाईंनी बटण उशीखाली सारलं. 

परवा दुपारी त्या एकट्याच मोरीकडे निघाल्या आणि खाटेशेजारीच पडल्या. गोधडी ओढून कसंबसं बटण खाली पाडलं, दाबलं.

मी वाजले. शुभांगी भाकरी थापत होती. न बघताच चापट. मी पुन्हा वाजले. पुन्हा चापट. मारू नको गं, ऐक.

तिसऱ्यांदा तिचा हात हवेतच थांबला. मी वाजत होते, थांबत होते, परत वाजत होते. खोटी ओरड अशी तुटक नसते.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती धावली.

"आले, आत्या. उठू नगा, आले मी."