दोघांनी वाजवलेला अ‍ॅकॉर्डियन

मी एक जुना अ‍ॅकॉर्डियन आहे. मित्रांनो, तुम्ही मला पेटीचा खांद्यावर बसणारा भाऊ म्हणालात, तरी मी रागावणार नाही. उजवीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डावीकडे गोल बटणे आणि मध्ये घड्याघड्यांचा भाता, असे माझे रूप आहे. माझ्या पोटात पोलादाच्या इतक्या पातळ जिभा आहेत, की गप्प बसणे माझ्या स्वभावातच नाही. ज्या कारागिराने मला घडवले, तो एकेक जीभ कानशीने घासून सूर तपासत असे. भात्याच्या घड्या त्याची बायको चिकटवत असे. दोघांचे मिळून मी लाडके लेकरू होतो.

मला घरी नेले ते एका प्लंबरने. त्याचे पंजे पाहून माझी बोबडीच वळली. त्याची बायको तर म्हणालीच, “अहो, हे पाइप पिळणारे हात! बिचाऱ्याचा गळा आवळाल.” पण तेच हात माझ्यावर असे अलगद फिरले, की मी पहिल्याच दिवशी त्यांचा झालो.

सगळे त्याला प्लंबरकाका म्हणत. नाताळ आला की काका मला खांद्याला लावत, शेजाऱ्यांना गोळा करत आणि आम्ही दारोदार नाताळची गाणी गात फिरत असू. शेवटचा मुक्काम ठरलेला असे, तो म्हणजे मुलांचे हॉस्पिटल. सणाला घरी जाऊ न शकणारी मुले तिथे आमची वाट पाहत. कुणी काकांना थकलात का विचारले, तर ते म्हणत, “ज्याच्याकडे जे भरपूर आहे, ते त्यानं वाटावं. माझ्याकडे दम भरपूर आहे!” काकू थर्मास घेऊन कोपऱ्यात बसत आणि पायाने ताल धरत.

मग एका वर्षी काका आजारी पडले. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला. भाता ओढणारा तोच हात! मी कपाटावर, सुटकेसच्या शेजारी जाऊन बसलो. धूळ साचली, घड्या आखडल्या. काकू मला पुसायला खाली काढू लागल्या, की काका तोंड फिरवून म्हणत, “राहू दे गं ते धूड.” मित्रांनो, धूळ सोसता येते. तो शब्द मात्र फार लागला.

पुन्हा नाताळ आला. त्या दिवशी काका म्हणाले, “सणाला रिकाम्या हातानं बसवत नाही. हा हॉस्पिटललाच देऊन टाकू.” हा म्हणजे मी!

दुपारी आम्ही वॉर्डात पोचलो. मला पाहताच मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांनी मान खाली घालून मला सिस्टरांपुढे ठेवले.

“सिस्टर, हा तुम्हाला. मला आता वाजवता येत नाही.”

सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आणि आम्हाला येतं होय? वाजवणारा नसेल तर याचं काय, लोणचं घालू?”

काका दाराकडे वळले. तेवढ्यात काकू पुढे आल्या, त्यांनी माझ्या भात्याचा बंद सोडला आणि मला मांडीवर घेऊन बाकावर बसत म्हणाल्या, “अहो, इकडे या. उजवा हात आहे ना? डावा मी देते.”

“अगं, तुला कुठे येतं?”

“इतकी वर्षं काय नुसता थर्मास धरून बसले होते?”

काकूंनी पट्ट्यांवर पंजा दाबून जोराने भाता ओढला. मी असा किंचाळलो, की पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी ओरडली, “आजी, हळू! तो घाबरला!” वॉर्ड हसू लागला. काकूंचे कान लाल झाले, पण त्यांनी मला सोडले नाही.

काका दारापासून मागे आले. मग हळूच काकूंच्या उजवीकडे टेकले. “असं कर. मी श्वास घेतला की ओढ. सोडला की दाब.”

काकांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवून श्वास घेतला. माझ्या छातीत हवा शिरली आणि किती महिन्यांनी पहिला सूर निघाला! गाणे सुरू झाले, तोच एक पट्टी दबली ती वर येईना. सूर एकसारखा वाहतच राहिला.

“जन्मभर लोकांचे नळ थांबवले,” काका म्हणाले, “आणि आता माझाच सूर गळतोय!” काकूंनी केसातली पिन दिली, काकांनी पट्टी उचकटली. आजारपणानंतर काका पहिल्यांदाच खळखळून हसले. डावीकडच्या बटणांचा ठेका नव्हता, तर मुलांनी चमचे काढले आणि पेल्यांवर, पलंगाच्या दांड्यांवर ठेका धरला. काकूंची लय एवढी धावली, की संथ गाण्याचे नाचाचे गाणे झाले. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊनच गिरक्या घेऊ लागल्या!

निघताना प्लास्टरवाल्या मुलीने विचारले, “हा आम्हाला दिला ना?”

“दिला,” काका म्हणाले. मग काकूंकडे पाहून म्हणाले, “पण आम्हा दोघांसकट.”

तेव्हापासून मी वॉर्डातच राहतो, आणि ते दोघे दर रविवारी येतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य कपाटावर पडले असेल, तर त्याला आज खाली काढा. धूळ पुसा, दोन सूर वाजवा, चुकले तरी वाजवा. आणि घरातले एखादे माणूस गप्प झाले असेल, तर त्याला ‘तुम्ही विश्रांती घ्या’ म्हणून कोपऱ्यात बसवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.