टीप वरची की खालची

“टिपा कुठे गेल्या?” रोझाल्बाने विचारलं.

“कुठल्या टिपा?” डेक्लनची नजर स्क्रीनवरून हलली नाही.

“मर्व्हच्या. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी लिहून ठेवलंय त्यांनी, काय कशासाठी केलंय ते. तुझ्या या नव्या भाषांतरात एकही नाही.”

“त्या यंत्रासाठी नसतातच, रोझाल्बा. प्रोग्रॅमची ओळ न ओळ सोडवून वाचणारा पार्सर त्या वाचत नाही. रिकाम्या जागा आणि टिपा तो पहिल्याच फेरीत टाकून देतो. सगळेच टाकतात.”

“टाकतात म्हणजे? कोणाला विचारून?”

डेक्लन हसला. चौतिशीचा, सिडनीहून आलेला, स्वभावाने बरा मुलगा होता. “तुम्हाला एवढंच वाटत असेल तर ठेवा शोधून. पण सोमवारी नवीन प्रोग्रॅम चालू होणार. आणि ज्या अटींचं कारण सापडत नाही, त्या मी काढून टाकतोय. बावीस आहेत. शुक्रवारपर्यंत लेखी कारण द्या, ठेवतो.”

ग्रिफिथच्या पाटबंधारे कंपनीत रोझाल्बा झांडोनेल्लाला एकतीस वर्षं झाली होती. फोनवर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मागण्या उतरवून घेणारी मुलगी म्हणून ती लागली. पुढे मर्व्ह टिलट्सन यांच्या शेजारचं टेबल तिला मिळालं, आणि बघता बघता ती प्रोग्रॅम वाचायला शिकली. कोणत्या कालव्याचा दरवाजा कधी, किती इंच उचलायचा हे ठरवणारा तो प्रोग्रॅम मर्व्हनी एकट्याने, चोवीस वर्षं, तुकड्या-तुकड्याने लिहिला होता. ते निवृत्त झाल्यावर त्याला फारसा कोणी हात लावला नाही. चालतंय ना, मग चालू द्या.

प्रोग्रॅमच्या पोटात शिरायची हौस मात्र तिला दहा दिवसांपूर्वीच लागली होती. जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत कसा उतरवतात ते तिला बघायचं होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सलामीचं सँडविच एका हाताने खात तिने एक फुकट मिळणारी पार्सर लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, उतरवून घेतली. पहिल्याच दिवशी तिला शाळा आठवली. सिस्टर बर्नार्ड फळ्यावर वाक्याचं पृथक्करण करायच्या. कर्ता इकडे, क्रियापद तिकडे, विशेषणं कर्त्याच्या खाली लोंबकळलेली. पार्सर तेच करत होता. ‘जर’ने सुरू होणारी ओळ आली की ‘जर’ची एक गाठ, तिच्या एका फांदीवर अट, दुसऱ्या फांदीवर करायचं काम, त्या कामाच्या खाली आणखी कामं. मूळ वर आणि पानं खाली असं उलटं झाड. एका गाठीवर उभं राहून ‘तुझी मुलं कोण’ असं विचारलं की झाड सांगायचं. ‘तुझ्या वर कोण’ असं विचारायची सोय मात्र नव्हती. ती रोझाल्बाने दोन दिवस खपून स्वतः जोडली. मग तिला नादच लागला. कुठलंही पान धरायचं आणि वर वर चढत जायचं. दरवाजा सहा इंच उचल. का? मागणी आली म्हणून. कुठल्या महिन्यात? भाताला पाणी सोडायच्या. ती मर्व्हच्या डोक्यातून चालत होती म्हणायला हरकत नव्हती.

टाकून दिलेलं परत मिळवायचीही युक्ती त्याच लायब्ररीत निघाली. प्रत्येक शब्दाला एक पिशवी जोडायची आणि पार्सर जे फेकतो ते तिच्यात ठेवायचं. अकराशे चाळीस टिपा निघाल्या. बहुतेक कामाच्या ओळीतच पुढे लिहिलेल्या, म्हणजे त्या कुठे टांगायच्या हा प्रश्नच नव्हता. सदतीस मात्र दोन ओळींच्या मधे एकट्या उभ्या होत्या. त्या वरच्या ओळीच्या की खालच्या? झाडाला ‘मधे’ चालत नाही. प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी खाली असावी लागते.

त्यांतली एक टीप डेक्लनच्या यादीतल्या अटीला लागूनच होती. वरची ओळ: वार गुरुवार आणि वेळ तीन ते पाच असेल, तर नऊ नंबरच्या कालव्याचा दरवाजा हलवू नये. खालची ओळ: शेतकऱ्यांना पाणी उशिरा येईल असा निरोप पाठवावा. आणि मधे टीप:

‘गुरुवारी नाही. शंका असेल तर थेल्माला विचारा.’

“सोपं आहे,” डेक्लन म्हणाला. “सगळं जग आधी टीप लिहितं, मग ओळ. लायब्ररीसुद्धा टीप खालच्या ओळीलाच जोडते. म्हणजे, गुरुवारी निरोप पाठवू नका. निरोप कार्डावर जायचे त्या काळातलं असेल काहीतरी. मग वरच्या अटीला कारणच उरत नाही. अट आणि टीप, दोन्ही काढा.”

“आणि वरच्या ओळीची असली तर?”

“तर थेल्माला विचारा.”

थेल्मा नावाचं ऑफिसात कोणीच नव्हतं. जुन्या पगारपत्रकातही नव्हतं. गुरुवारी सकाळी रोझाल्बाने अर्धा दिवस रजा टाकली, झाडाचा कागदी छाप गुंडाळून गाडीत ठेवला आणि मर्व्हच्या गावी, डार्लिंग्टन पॉइंटला निघाली.

नदीकाठच्या लाकडी घराच्या मागे मर्व्ह टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. वय त्र्याऐंशी. “झांडोनेल्ला!” त्यांनी लांबूनच हाक मारली. “तुझ्या बापाला सांग, त्याची पाण्याची पाळी शुक्रवारी आहे.”

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. रोझाल्बा नुसतं “सांगते” म्हणाली. दारात उभ्या असलेल्या नोएलीनने, मर्व्हच्या बायकोने, तिच्याकडे बघून डोळे मिटल्यासारखे केले. असंच चाललंय, असा त्याचा अर्थ होता.

नोएलीनने भोपळ्याचे स्कोन आणि चहा आणला. रोझाल्बाने टेबलावर कागद उलगडला. तो टेबलावरून खाली, खुर्चीवरून पार दारापर्यंत गेला. मर्व्ह चष्मा लावून वाकले.

“हे काय?”

“तुमचा प्रोग्रॅम. झाड करून काढलाय. मूळ वर आहे.”

त्यांनी एका फांदीवर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली नेलं. बोट कुठे चुकत नव्हतं. “हे पूर आल्यावरचं... हे त्या हलकट दोन नंबरच्या पंपाचं... हा सगळा गोतावळा माझा?”

“तुमचाच.”

“एवढं डोक्यात होतं?” ते नोएलीनकडे वळले. “बघ. आणि तू म्हणायचीस डोक्यात काही नाही.”

“आता नाही म्हणते, तेव्हाचं कुठे म्हटलं,” नोएलीन म्हणाली. “स्कोन खा.”

रोझाल्बाने मधल्या ओळींतल्या टिपांची यादी पुढे केली. “मर्व्ह, एकच विचारायचंय. टीप तुम्ही कामाच्या आधी लिहायचात की नंतर? या वरच्या ओळीच्या आहेत की खालच्या?”

मर्व्ह यादी वाचू लागले. ओठ हलत होते. मग त्यांनी चष्मा काढला. “नाही गं आठवत,” ते म्हणाले. शरमेची एक छटा त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेली. रोझाल्बाला वाटलं, उगाच विचारलं.

“त्यात आठवायचंय काय?” नोएलीन किटली घेऊन येत म्हणाली. “हा माणूस जन्मात कधी काही करायच्या आधी बोललाय का? हे घर घेतलं, सह्या करून आला, मग मला सांगितलं. ट्रॅक्टर विकला, मग सांगितलं. दात काढून आला तेव्हा रक्त बघून मला कळलं. आधी उरकायचं, मग खाली दोन शब्द. वरच्याच असणार सगळ्या.”

रोझाल्बाने हातातला कप खाली ठेवला. मग तिने भराभर यादी तपासली. ‘हे तात्पुरतं आहे’ – वरची ओळ खरंच तात्पुरती होती. ‘माफ करा, दुसरा इलाज नव्हता’ – वर एक भयंकर वेडीवाकडी अट होती आणि खाली साधी बेरीज. सदतीसच्या सदतीस वर जाऊन बसल्या. इतके दिवस लायब्ररीशी झटून जे सुटलं नव्हतं ते किटली हातात धरून उभ्या असलेल्या बाईने सोडवलं होतं.

“मग ही?” तिने गुरुवारची टीप दाखवली. “थेल्मा कोण?”

मर्व्हनी ती ओळ वाचली. यावेळी ओठ हलले नाहीत.

“थेल्मा किअर्सली,” ते म्हणाले. आवाज एकदम ऑफिसातला झाला. “बिलबुलच्या शाळेत शिकवायची. तिकडे तलाव नव्हता पोहायला. शेतकऱ्यांची पोरं कालव्यात पडायची, बुडायची. म्हणून दर गुरुवारी शाळा सुटली की नऊ नंबरच्या दरवाज्याखाली ती त्यांना पोहायला शिकवायची. नियमात बसत नव्हतं. कंपनीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.”

“मग?”

“मग एका गुरुवारी माझ्या प्रोग्रॅमने दरवाजा उचलला. नऊ इंच. एक पोरगं वाहत गेलं, पुढच्या जाळीला अडकलं. थेल्माने केसाला धरून ओढलं त्याला. वाचलं.” त्यांनी टेबलावरचा चुरा एका बोटाने गोळा केला. “ती तशीच ओली ऑफिसात आली. काउंटरभर पाणी. म्हणाली, तो दरवाजा कोणाच्या बोटाने उघडतो? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठलो. म्हटलं, माझ्या. ती म्हणाली, गुरुवारी नाही. एवढंच. आणि गेली.”

“साहेबांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर त्यांनी पोहणं बंद केलं असतं. दोन तास दरवाजा थांबला तर पाणी उशिरा येतं, माणूस मरत नाही. तुझा बाप शिव्या द्यायचा मला. गुरुवारचं पाणी नेहमी लेट.”

हे मात्र खरं होतं. जेवणाच्या टेबलावरच्या त्या शिव्या रोझाल्बाला तोंडपाठ होत्या.

“थेल्मा आहेत अजून?”

“गेली. पंचवीस वर्षं तरी झाली,” नोएलीन म्हणाली. “शाळाही बंद पडली. आता गावात तरणतलाव आहे. तिथे कोण जातंय कालव्यावर!”

परत येताना रोझाल्बा बिलबुलकडे वळली. कारण आता लेखी देता येत होतं, पण ते कारण जिवंत आहे की नाही ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. साडेतीन झाले होते. ऊन चटके देत होतं. संत्र्यांच्या बागांमधला कच्चा रस्ता संपला, तिने गाडी थांबवली आणि दार उघडायच्या आधीच तिला ओरडा ऐकू आला.

सात पोरं पाण्यात होती. काठावर एक धिप्पाड बाई पाय पाण्यात सोडून बसली होती. मांडीवर टॉवेलांचा ढीग होता. सलोते तिचं नाव. टोंगा बेटांवरची; नवरा संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला.

“तुम्ही कंपनीच्या का?” रोझाल्बाच्या शर्टावरचं चिन्ह बघून ती सावध झाली. “लगेच निघतो आम्ही. ए, बाहेर या रे!”

“राहू दे, राहू दे. तुम्ही दर गुरुवारी येता?”

“गुरुवारीच येतो. बाकीच्या दिवशी पाण्याचा भरवसा नाही, मधेच वाढतं. गुरुवारी दुपारी हे शहाण्यासारखं वागतं.”

“का वागतं माहीत आहे?”

“नाही बाई. आमच्या आधी इथे जे अफगाणी कुटुंब राहायचं त्यांनी सांगितलं. त्यांना कोणीतरी सांगितलं असेल.” ती हसली. “पाण्यालाही सुट्टी लागत असेल एखादी.”

रोझाल्बा तिच्या शेजारी बसली. दरवाज्याचं लोखंडी पान पाण्यात अर्धं बुडून गप्प उभं होतं. चोवीस तासांपूर्वी ती अट तिला एका गाठीवरची दोन पानं म्हणून माहीत होती.

शुक्रवारी तिने सगळं डेक्लनच्या टेबलावर ठेवलं. टीप, मर्व्हचं म्हणणं, सलोते, सात पोरं. काही लपवलं नाही. डेक्लनने दोनदा वाचलं.

“हे लेखी दिलंत तर वरच्यांना कळणार की तिथे पोरं पोहतात. ते बंद करायला बघतील.”

“बघू देत. न कळता सोमवारी नवा प्रोग्रॅम चालू झाला असता आणि येत्या गुरुवारी दरवाजा उचलला गेला असता, तर तू आणि मी कुठे असतो?”

डेक्लनने काढायच्या अटींची यादी उघडली आणि ती अट स्वतःच्या हाताने तिच्यातून वगळली. मग कान खाजवत म्हणाला, “त्या बाकीच्या एकवीस... त्यांच्याजवळ टिपा आहेत का, तेवढं तुमच्या झाडाला विचाराल?”

वरच्यांनी बैठका घेतल्या. शेवटी फेब्रुवारीत नऊ नंबरवर एक भली मोठी पाटी लागली, ‘पोहण्यास सक्त मनाई’, आणि त्याच माणसांनी त्याच दिवशी तिच्या खाली, पाण्यातून बाहेर यायला, एक लोखंडी शिडी बसवली. गुरुवारची अट नव्या प्रोग्रॅममध्ये राहिली.

मार्चमधल्या एका गुरुवारी नोएलीन मर्व्हना घेऊन आली. ते गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून बसले. पोरं पाटीवर टॉवेल टाकून पाण्यात उतरली होती. रोझाल्बाने सगळं पुन्हा सांगितलं, थेल्माचं, टिपेचं. ते सभ्यपणे ऐकत होते, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसे.

पाचला दहा कमी असताना सलोतेने शिटी मारली. पोरं शिडीवरून एकेक वर आली. पाचला मोटर गुरगुरली आणि दरवाजा उचलायला लागला.

मर्व्हनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मान कलती करून दरवाजा थांबेपर्यंत ऐकत राहिले.

“डावीकडचं बेअरिंग,” ते म्हणाले. “ग्रीस हवंय. उद्या कोणाला तरी पाठव.”

“पाठवते,” रोझाल्बा म्हणाली, आणि लिहून घ्यायला पेन शोधू लागली.