सेंधव्याचं वॉरंट

झुलाल दाढी करायला बसला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच होता, तेवढ्यात शिंदखेड्याचा जमादार अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्यासोबत एक अनोळखी पोलीस होता, बोलायला हिंदी.

"सेंधव्याच्या कोर्टाचं वॉरंट आहे. कपडे घाल आणि चल," जमादार म्हणाला.

झुलालची बायको प्रमिलाबाई चुलीपुढून तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय शे हाई, साहेब? यास्नी काय कयं?"

"मध्य प्रदेशातली जुनी केस आहे, बाई. तारखांना गेलाच नाही हा."

केस प्रमिलाबाईला ठाऊक होती. झुलाल तेव्हा एका व्यापाऱ्याची मेटॅडोर चालवायचा. दोंडाईच्याची मिरची घेऊन सेंधव्याला गेला असताना बाजाराच्या वळणावर एका सायकलवाल्याला धक्का लागला आणि त्या माणसाचं मनगट मोडलं. झुलालनंच त्याला दवाखान्यात नेलं. पोलिसांनी गुन्हा लिहून जामिनावर सोडलं. सुरुवातीच्या तारखांना झुलाल गेलाही. मग व्यापाऱ्यानं गाडी विकली, नोकरी सुटली आणि तिथला वकील म्हणाला, आता यायची गरज नाही, मी बघून घेतो. झुलालला तेवढंच हवं होतं. "ते राज्य वेगळं, आपलं वेगळं. एवढ्याशा गोष्टीसाठी इतक्या लांब कोण येतंय?" असं तो म्हणायचा. आज तो येणारा अंगणात उभा होता.

गल्ली गोळा झाली. प्रमिलाबाईला मान वर करवेना. साबण पुसून झुलाल निघाला. पोरांना सासूजवळ सोडून तीही मागोमाग एस्टीत चढली. शेजारचा वनाभाऊ स्वतःहून सोबत आला, त्याचा तिला मोठा आधार वाटला.

तिच्या मनात एकच धास्ती होती : आता नवऱ्याला परमुलखात नेऊन कोठडीत टाकतील. तिथं ना ओळख, ना भाषा. शिंदखेड्याच्या कोर्टाच्या आवारात पितांबर वकील भेटले, तेव्हा तिनं रडतच सगळं सांगितलं.

वकिलांनी वॉरंट वाचून पाहिलं. "बाई, आधी डोळे पुसा. बाहेरच्या राज्यातलं वॉरंट असलं तरी धरलेल्या माणसाला परस्पर नेता येत नाही. सेंधवा इथून लांब आहे, म्हणून आधी इथल्या न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. आणि गुन्हा जामिनाचा आहे. न्यायाधीश इथंच जामीन घेतील, कागद सेंधव्याला पाठवतील आणि तिथल्या तारखेला हा आपल्या पायांनी जाईल."

"मंग सोडतीन त्यास्ले?"

"जामीनदार द्या, लगेच सोडतील. सातबारा असलेला माणूस पाहिजे."

झुलालच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती. प्रमिलाबाईनं वनाभाऊकडे पाहिलं. वनाभाऊ पायांकडे बघत म्हणाला, "इथली केस असती तर डोळे झाकून सही केली असती, वहिनी. परराज्याचं काम. घरी विचारून येतो." तो गेला तो गेलाच. प्रमिलाबाईनं पुढंही कधी त्याला बोल लावला नाही. तो निदान तिथवर तरी आला होता.

ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. जामीनदार मिळाला नाही तर संध्याकाळच्या गाडीनं नेणार, असं त्या हिंदी पोलिसानं सांगितलंच होतं. त्याचं नाव दुबे. माणूस वाईट नव्हता. झुलालला त्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी मिसरी लावत बसली होती. झुंबरबाई तिचं नाव. नवरा वारलेला, आणि बांधावरून दिराशी कज्जा चालू, त्याचीच आज तारीख होती. तिनं सगळं बोलणं ऐकलं होतं. थुंकून, तोंड पुसून ती जवळ सरकली.

"सेंधवाना तारीखले जाई का तुना नवरा?"

"मी सोता लई जासू, अक्का."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग उठून वकिलांपुढे जाऊन उभी राहिली. "ओ नाना, कोठे अंगठा देवाना शे? बठ्ठा कागद मनी पिशवीमा शेतस." तिनं पिशवीतून सातबारा काढून त्यांच्यापुढे धरला.

पितांबर वकील गोंधळले. "अक्का, हे तुमच्या नात्यातले आहेत का?"

"नई."

"उद्या हा पळाला तर कोर्ट पैसे तुमच्याकडून वसूल करेल. जमिनीवरही येऊ शकतं. समजतंय ना?"

"तो पळाना तर पळो. हाई पळनारी नई," असं म्हणून तिनं प्रमिलाबाईकडे बोट दाखवलं.

न्यायाधीशांनीही तिला तेच दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा तसंच उत्तर दिलं. जामीन झाला. दुबेनं कागदाची नक्कल खिशात घातली आणि झुलालच्या पाठीवर हात ठेवला. "तारीख पे आ जाना, भैया. मैं वहीं मिलूँगा."

प्रमिलाबाईला झुंबरबाईचे पाय धरायचे होते, पण तेवढ्यात म्हातारीचा पुकारा झाला आणि ती पिशवी सावरत आत निघून गेली.

तारीख जवळ आली तसा झुलाल ढेपाळला. "तिकडं आत टाकलं तर? जरा थांबून बघू." त्या दिवशी प्रमिलाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला. "एका परक्या बाईनं तुमच्यासाठी रान गहाण टाकल्यासारखं केलंय. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाऊन कोर्टात उभी राहीन." झुलालनं सदरा चढवला.

दुबे बोलल्याप्रमाणे सेंधव्याच्या कोर्टाच्या फाटकाशी होता. त्यानंच खोली दाखवली, कुठं उभं राहायचं ते सांगितलं. मनगट मोडलेला माणूसही आला होता. शिंपी होता तो. हात आता बरा आहे, मशीन चालवतो, यानंच मला दवाखान्यात नेलं होतं, असं त्यानं न विचारता सांगितलं. झुलालनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी तारखा बुडवल्याबद्दल चांगलं झापलं, थोडा दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत जागेवरून हलायचं नाही अशी शिक्षा दिली.

झुलाल दिवसभर मागच्या बाकावर बसून राहिला. प्रमिलाबाईनं बाहेर पायरीवर भाकरीचं फडकं सोडलं. दुबे दिसला तेव्हा अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्याच्या हातावर ठेवला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. उन्हं कलली, कोर्ट उठलं, झुलाल बाहेर आला. दाराशी तो नुसताच उभा राहिला, कुठल्या दिशेला जायचं हे विसरल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दोघं झुंबरबाईच्या गावी गेले. ती खळ्यात तुरी झोडपत होती. झुलालनं वाकून तिचे पाय धरले. प्रमिलाबाईनं विचारलं, "अक्का, ओळख ना पाळख, तरी कशा उभ्या राहिलात?"

"सातबारा पिशवीमा व्हताच, कामले उना," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा झोडपायला लागली. झुलालनं तिच्या हातातलं दांडकं काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी तूर झोडपून दिली.

निघताना प्रमिलाबाईनं विचारलं, "पुढली तारीख कव्हय शे, अक्का? सोबत कोण येतं?"

"कोन येवाव शे? एकलीच जास."

त्या तारखेला प्रमिलाबाई पहिल्या एस्टीनं शिंदखेड्याला गेली. त्यानंतरच्या तारखेलाही गेली. कज्जा बरीच वर्षं चालला. बाकावर दोघी शेजारी बसायच्या, एकीच्या फडक्यातली भाकरी दुसरीच्या फडक्यातल्या भाजीशी खायच्या. पितांबर वकील जाता-येता विचारायचे, "काय, मायलेकी आल्या का?" आणि दोघींपैकी कुणीही ते खोडून काढलं नाही.