‘ब’च्या पोटातली रेघ

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती भाऊजींच्या टेबलावरचं निमंत्रण वाचून. भाऊजी म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा. त्यांच्याच स्टुडिओत ती फॉन्ट काढायची. निमंत्रण होतं ‘आब’ या नव्या फॉन्टच्या प्रकाशनाचं, आणि कर्ता म्हणून नाव भाऊजींचं! अहो, सरळ रेघ ओढ म्हटलं तर पट्टी शोधत फिरणारा माणूस हा! ‘आब’चं एकेक अक्षर धाकटीनं डोळ्यांत तेल घालून काढलेलं. उभे दांडे ठसठशीत, जोडणाऱ्या रेघा केसासारख्या, टोकांना धारदार पाय. अत्तराच्या खोक्यावर, दागिन्यांच्या दुकानाच्या पाटीवर असं अक्षर दिसलं की येणारा-जाणारा थबकलाच पाहिजे. नावसुद्धा तिनंच ठेवलेलं.

“ताई, माझं नाव कुठंय?” तिनं बहिणीला विचारलं.

“अगं, घरातलंच तर आहे,” ताई नजर चुकवत म्हणाली. “ह्यांचं झालं काय, तुझं झालं काय!”

घरातलंच म्हणे! धाकटीनं मनाशी खूणगाठ बांधली. भर सभेत ह्या माणसाचं नाक कापल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

संधी भाऊजींनीच आणून दिली. समारंभाची पुस्तिका त्यांनी ‘आब’मध्येच करायला घेतली. पानं काळीकुट्ट, अक्षरं पांढरी आणि मुंगीएवढी.

“काय गं, इतकं बारीक चालेल ना?”

डोंबलाचं चालणार! छापताना काळी शाई पसरते आणि केसाएवढी पांढरी रेघ गिळून टाकते. म्हणून तर बारीक मजकुरासाठी धाकटीनं जाड रेघांचा वेगळा संच काढला होता. त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

“बिनधास्त करा, भाऊजी,” ती गोड हसली. “फार उठून दिसेल.”

प्रकाशनाला पुस्तिका वाटल्या गेल्या आणि सभागृहात खसखस पिकली. बाकीची अक्षरं कशीबशी तगली होती, पण ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पार गायब! ‘आब’चा झाला होता ‘आव’. भाऊजींच्या हसऱ्या फोटोखाली छापलं होतं, ‘असा आव आजवर कुणी आणला नव्हता.’

पहिल्या रांगेतले एक म्हातारे छापखानेवाले उठले. “काय हो, रेघ किती बारीक ठेवायची एवढंही कळलं नाही तुम्हाला?”

भाऊजींना दरदरून घाम फुटला. गळ्याशी आलं की हात झटकायचे, ही त्यांची जुनी खोड. “अहो, मी कुठं काढलंय!” ते माईकवरच ओरडले. “सगळं हिनं काढलंय, माझ्या मेव्हणीनं! मी एका रेघेलाही हात लावलेला नाही!”

भाऊजींनी जीभ चावली, पण आता काय उपयोग? ताईनं कपाळाला हात लावला.

धाकटी उठून उभी राहिली. काय गार वाटलं तिच्या जिवाला, खोटं कशाला सांगा!

“पुन्हा म्हणा, भाऊजी,” ती म्हणाली. “मागच्यांना ऐकू आलं नाही.”