फाटकाची किल्ली

माझी बायको शकू पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली. गावाला हसायला तेवढंच निमित्त. “म्हातारपणी शिंगं फुटली,” असं बायका म्हणायच्या, आणि त्यांत सगळ्यांत पुढे आमची शेजारीण विमलबाई. शिकवलं मी. माझ्यासारखा तापट मास्तर असूनही ती शिकली, म्हणजे कौतुक सगळं तिचंच.

रस्ता मात्र शिकायला झकास होता. आमचं घर कोलाडकडून रोह्याकडे जाणाऱ्या कालव्याला लागून. मी बत्तीस वर्षं पाटकरी होतो, म्हणजे कालव्याची दारं उघडून पाळीपाळीनं शेतांना पाणी द्यायचं माझं काम. कालव्याच्या काठानं खात्याचा कच्चा रस्ता जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली भाताची खाचरं आणि कुंडलिका. चार किलोमीटरवर कातकऱ्यांची वाडी आहे. वाडीच्या पुढं पूल खचलाय, त्यामुळे रोह्याकडून गाडी येत नाही. रविवारी मुंबईचे सायकलवाले यायचे. त्यांतल्या एका पोरीनं एकदा शकूला मोबाइलवर परदेशातला फोटो दाखवला. बर्फाच्या दोन डोंगरांच्या मधे नदी, नदीच्या कडेनं रस्ता, रस्त्यावर नुसत्या सायकली. मोटारींना तिथं बंदीच असते म्हणे.

शकूनं तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. “आमच्याकडं तेवढं बर्फ नाय,” ती म्हणाली, “बाकी सगळं हाय.”

तेव्हापासून ती रोज सकाळी वाडीपर्यंत जाऊन यायची. त्याला ती ‘टूर’ म्हणायची. मी कधी बरोबर, कधी नाही. माझा गुडघा कुरकुरतो. पण खरं सांगायचं तर ती परत येताना लांबून दिसली, की मला फार बरं वाटायचं. हे मी तिला कधी बोललो नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

मग खडीचे डंपर सुरू झाले. हायवेवरची गर्दी टाळायला आमच्याच रस्त्यानं आत घुसायचे आणि वाडीच्या अलीकडं शेतातून खाली उतरायचे. एका डंपरनं शकूला कडेला असं दाबलं, की ती सायकलसकट चरात पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी ती सायकलकडं बघेना. “माझी टूर झाली,” म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

माझं डोकं फिरलं. ग्रामसभेत मी असा काही बोललो, की ठराव झाल्यावरच माणसं जेवायला गेली. आमच्या घराशेजारी रस्त्यावर लोखंडी फाटक बसलं. बाजूला एक फट, माणूस जाईल आणि सायकल वाकडी करून निघेल एवढीच. वाडीतल्या दोन मोटारसायकली होत्या, त्या मी फाटकाबाहेर विमलबाईच्या अंगणात लावायला लावल्या. आजारी माणूस असेल तर मला हाक मारा, मी उघडतो, असं वाडीला सांगितलं. कुलूप माझं, किल्ली माझ्या करदोट्याला.

पंधरा दिवसांत शकू पुन्हा सायकलवर बसली.

“अवो, एक किल्ली विमलकडं ठेवा की,” ती म्हणाली होती. “तुमी कुठं गेलात-बिलात तर?”

“मी कुठं जातो?”

“दिशाकडं जाता.” दिशा आमची लेक, डोलवीला दिलेली. जावई तिथं कंपनीत.

“पाटकऱ्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली की पाणी गेलं,” मी म्हटलं. “बत्तीस वर्षं मी सख्ख्या भावाला दिली नाय. विश्वास पानिपतात मेला, शकू.”

ती हसली आणि गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मी लग्न झाल्यापासून धरून चाललो होतो.

यंदा दिवाळी झाल्यावर मी एक दिवस दिशाकडं गेलो. संध्याकाळी परत आलो तर फाटकाच्या आत, ओल्या मातीत, रिक्षाची चाकं उमटलेली. कुलूप जागच्या जागी, धक्कासुद्धा नाही. म्हणजे कुणीतरी दुसरी किल्ली केली होती. मी अंगणात उभा राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं तोंडसुख घेत होतो. विमलबाई दारातून आत गेली. शकू तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोलाडला जाऊन मिळेल ते सगळ्यांत दणकट कुलूप आणलं. जुनं काढून कपाटाच्या खणात टाकलं.

“बदललंत?” शकू म्हणाली.

“बदललं. आता बघू कोण उघडतो.”

ती काहीतरी बोलणार होती. मला आता ते दिसतं. पदराला हात पुसत ती उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि म्हणाली, “च्या घेता?” मी चहा घेतला.

आठवड्यानं मी पेणला गेलो. शेवटची नोकरी तिकडची, म्हणून पेन्शनचं खातं तिथल्या बँकेत. नोव्हेंबरात जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मी यंत्रावर अंगठा टेकवत होतो, तेव्हा फोन वाजला. विमलबाई होती.

“भावजी, शकूला पान लागलंय. वाडीजवळ. घोणस होती. किल्ली कुठं हाय?”

साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. किल्ली माझ्या कमरेला होती. पेणमध्ये, बँकेत, अंगठा लावायच्या यंत्रापुढं.

“तोडा!” मी ओरडलो. बँकेतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. “दगड घाला, पहार घाला, तोडा!”

ॲम्ब्युलन्स लवकर आली होती. कोलाडहून दहा मिनिटांत. ती फाटकाशी उभी राहिली. पहारीनं कुलपावर घाव घालून घालून माणसं घामाघूम झाली. मी दणकटच आणलं होतं. आतून वाडीतला मोतीराम आणि दोघं जण शकूला तिच्याच सायकलच्या कॅरियरवर बसवून, दोन्हीकडून धरून, ढकलत आणत होते. चार किलोमीटर. तो रस्ता गाडीला पाच मिनिटांचा. शेवटी ज्या फटीतून सायकल वाकडी करून निघते, त्या फटीतून तिला काढली.

मी एसटीनं रोह्याच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा ती गेली होती. डॉक्टर तरुण होता. थोडं आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

मला कुणी बोल लावला नाही. दिशासुद्धा नाही. ती नुसती माझ्या कमरेकडं बघायची आणि नजर वळवायची. मी रस्ता शकूसाठी बंद केला होता हो. तिनं सायकल चालवावी म्हणून. हे मी कुणाला सांगू? ज्याला त्याला धरून सांगावंसं वाटायचं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विमलबाई आली. बरोबर मोतीरामची बायको आवडी, कडेवर फडक्यात गुंडाळलेलं पोर. मोतीरामनं शकूची सायकल आणली होती, धुऊन पुसून. ती त्यानं भिंतीला लावली आणि तो बाहेरच उभा राहिला.

विमलबाईनं पदराची गाठ सोडली. आत एक किल्ली होती.

“भावजी, ही तुमची,” ती म्हणाली. “शकूनं करून घेतली होती. तुमी आंघोळीला किल्ली काढून ठेवलीत, तवा साबणाच्या वडीवर छाप घेतला आणि कोलाडहून करून आणली. मला म्हणाली, विमल, तुझ्याकडं असू दे, पण त्यांना कळू देऊ नको. चिडतात. मनानं वाईट नायत, पण चिडतात.”

मी किल्ली हातात घेतली.

“तुमी दिशाकडं गेलात त्या दिवशी हिच्या पोटात दुखाया लागलं. पोर आडवं होतं. मीच फाटक उघडून रिक्षा आत घातली. शकूच सोबत गेली दवाखान्यात. तुमी यायच्या आत आम्ही कुलूप लावलं, पण चाकं पुसायची राहिली.”

“शकूबाय नसती तर ह्यो नसता,” आवडी म्हणाली. “पान लागलं त्या दिशी माझ्यासाठीच आली होती. लाडू घेऊन. गवतात सायकल टेकवाया गेली नि…” पोर झोपेत तोंड हलवत होतं.

विमलबाई रडायला लागली. “मी पळत गेले हो भावजी. तुमाला फोन करायच्या आधी गेले. किल्ली घातली तर फिरंना. मला वाटलं माझेच हात कापतायत. चार वेळा घातली. मग कुलूप बघितलं, तर ते आपलं नव्हतंच.”

मी उठलो. कपाटाचा खण उघडला, जुनं कुलूप काढलं आणि किल्ली घातली. पहिल्याच फेऱ्यात उघडलं. तेल घातल्यासारखं, आवाजसुद्धा न करता. मी ते लावलं, पुन्हा उघडलं. विमलबाई म्हणाली, “भावजी, नका,” तरी मी पुन्हा एकदा उघडलं.

मग मी बाहेर गेलो. नवं कुलूप काढून कालव्यात टाकलं आणि जुनं फाटकाला लावलं. विमलबाईचा हात धरून ती किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. आयुष्यात पहिल्यांदा मी किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. जिनं ती द्यायला सांगितली होती, तिला हे दाखवायचं राहिलं.

सगळी माणसं गेल्यावर मी शकूची सायकल फाटकाशी आणली आणि तिच्याजवळ कट्ट्यावर बसलो. नजर वाडीकडच्या वळणावर. ऊन उतरेपर्यंत बसलो. त्या रस्त्यानं एकही गाडी आली नाही, आणि सायकलही नाही.