कडूबोरांचं कुंपण

धाकट्या जावेच्या अंगात नकलांची कला होती, आणि तिचं छोटंसं पार्लर निम्मं त्या कलेवरच चालायचं. कात्री चालवता चालवता ती तुसड्या कारकुनाची, लग्नात भाषण ठोकणाऱ्या काकांची अशी काही नक्कल करायची, की खुर्चीतल्या बायका हसून लोटपोट व्हायच्या आणि तिला ओरडावं लागायचं, "अहो, हलू नका, कान जाईल!"

पार्लर म्हणजे घराची मागची खोली. खिडकीबाहेर टीचभर अंगण, आणि त्यापुढे काटेरी झुडपांचं जुनं, दाट कुंपण. पलीकडे थोरली जाऊ राहायची. दीर गेल्यापासून एकटीच. त्या झुडपांना वर्षातून एकदा बोराएवढी निळीकाळी फळं लगडायची. दिसायला अशी, की तोंडाला पाणी सुटावं, आणि चावलं की जीभ टाळूला चिकटून बसावी. घरात सगळे त्यांना कडूबोरं म्हणत. पाखरंसुद्धा दुसरं काही मिळेनासं झालं तरच तिकडे वळत. पण थोरली दर वर्षी ती वेचायची, त्यांचा जॅम करायची आणि बरण्या भरून धाकटीला द्यायची. कितीही साखर ओता, कडूपणा जागचा हलत नसे.

त्या दुपारी खुर्चीत शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. केसांना रंग लावून झाला होता. वासाने डोळे चुरचुरत होते, म्हणून खिडकी सताड उघडी होती. बाईंनी सहज विचारलं, "काय हो, तुमच्या जाऊबाईंनी या वेळी मलाही एक बरणी दिलीय. तिचं करायचं तरी काय?"

एवढं निमित्त पुरे झालं. धाकटीने खांदे पाडले, मान एका बाजूला कलती केली आणि थोरलीच्या लांबण लावलेल्या सुरात सुरू झाली, "म्हणजे बघ हं... झालं काय... मी म्हटलं, फळं तर आलीत... नाही, थांब, त्याच्याही आधी काय झालं, म्हणजे बघ हं..."

बाई डोळे पुसायला लागल्या. धाकटीला आणखीच चेव चढला. "जॅम कसला हो, शिक्षा आहे ती! मी सरळ मोरीत ओतते आणि बरणी घासून परत देते. वर सांगते, जाऊबाई, बोटं चाटून संपवला! की ह्या खूश. आमचे दीर बिचारे लवकर सुटले. ते बोलणंही ऐकायचं आणि वर हे खायचं, म्हणजे..."

शेवटचं तोंडातून निसटलं तेव्हा तिचं तिलाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. पण बाई हसत होत्या, म्हणून तीही हसली.

बाईंचे केस धुऊन झाले, त्या गेल्या. धाकटी ओले टॉवेल वाळत घालायला अंगणात आली, आणि कुंपणातून आवाज आला, "अगं, जरा कात्री घेऊन येतेस का?"

धाकटीच्या हातातला टॉवेल खाली पडला.

थोरली कमरेपर्यंत झुडपात शिरली होती. फळांची टोपली कलंडली होती. अंबाडा सुटून केस काट्यांत असे गुंतले होते, की मान इकडची तिकडे होत नव्हती. बाही फाटून कोपराला रक्त आलं होतं.

"केव्हापासून अडकलात?" धाकटीने विचारलं. खरं तर उत्तर तिला नको होतं.

"बाईंनी बरणीचं विचारलं, त्याच्या जरा आधीपासून."

"मग हाक नाही का मारायची?"

"मारणारच होते. तेवढ्यात माझंच बोलणं ऐकू आलं."

धाकटीला वाटलं, धरणी दुभंगावी. ती खाली मान घालून केस सोडवायला लागली. एकेक बट, एकेक काटा. काटे बोचत होते, आणि बोचताहेत तेच बरं वाटत होतं.

"काप ना, कशाला वेळ घालवतेस," थोरली म्हणाली.

"नाही. सोडवते मी."

मग थोरलीने हळूच विचारलं, "मी खरंच अशी बोलते?"

हो म्हणावं तर चटका, नाही म्हणावं तर आणखी एक खोटं.

"ह्यांनी कधी सांगितलं नाही गं," थोरली स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली.

"जाऊबाई, जीभ झडो माझी. हसवायच्या नादात वाहवत गेले. आणि जॅमचं... तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आवडतो म्हणत राहिले."

"अगं, मला तरी कुठे आवडतो? चमचाभरही खात नाही मी. तू नवीन आलीस तेव्हा करून बघितला होता. फेकूनच देणार होते. तू चाखलास आणि म्हणालीस, फार छान झालाय. मी म्हटलं, चला, या घरातली एक तरी गोष्ट पोरीला आवडली."

शेवटची बट सुटली. थोरली काटे सांभाळत मागे सरकली, रिकामी टोपली उचलली आणि घरात गेली. फळं तिथेच मातीत पडली होती.

संध्याकाळी धाकटीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनीची नक्कल केलीस, ते वाईटच. आणखी काही नाही ना बोललीस?"

"नाही, एवढंच," ती म्हणाली, पण दिराबद्दलचं ते वाक्य तिने सांगितलं नाही. रात्रभर तिला झोप नाही. सकाळी उठून ती पलीकडे गेली आणि दारातच म्हणाली, "मी भाऊजींबद्दल जे बोलले ना..."

"ते मी ऐकलं नाही," थोरली म्हणाली. "असं धरून चाल. चहा ठेवते."

चहा झाला. रुसवा, फुगवा, भांडण काही झालं नाही. थोरली पूर्वीसारखीच येत-जात राहिली. फक्त धाकटीशी ती तुटक बोलायला लागली. "भाजी आणली." "डोकं दुखतंय." "उद्या येते." शब्द निवडून, मोजूनमापून, परक्या ऑफिसात बोलावं तशी. धाकटीने मुद्दाम खोदून विचारलं, मधे मधे हुंकार भरले, पण गाडी दोन वाक्यांपुढे जाईना.

पुढे एकदा धाकटी पाव आणायला बेकरीत निघाली होती. दारापाशी पोचली तर आतून थोरलीचा आवाज आला. बेकरीवालीला ती काहीतरी सांगत होती, आणि काय ऐसपैस सांगत होती! मधेच आठवून मागे जात होती, भलतीकडे वळत होती, स्वतःच हसत होती. बेकरीवाली गल्ल्यावर कोपरं टेकून मन लावून ऐकत होती.

आत पाऊल टाकलं असतं, तर ते बोलणं तिथेच थांबलं असतं. धाकटी पायरीवरून खाली उतरली आणि पिशवी छातीशी धरून भिंतीच्या कडेला उभी राहिली. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "इथे काय करताय? आत नाही जायचं?"

"जाते," ती म्हणाली, "जरा वेळाने."